वहीत न पडलेला पाऊस

"आत ये, पण तारेवर पाय देऊ नकोस." कर्णिक मॅडम माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी दारात कारखान्याची वही घेऊन उभा, आणि त्या खोलीच्या मधोमध, हात मागे बांधून, फरशीकडे बघत उभ्या. फरशीवर वेल्डिंगच्या तारेचा एकच वेढा पडला होता. रिळावरून कापून मोकळा सोडलेला. मी भिंतीला चिकटून आत गेलो आणि त्या बघत होत्या तिकडे बघू लागलो. तार तारेसारखी पडली होती. मला त्यात बघण्यासारखं काही दिसेना.

पुढे कळलं की ती तपासणीची पद्धत असते. चांगली तार मोकळी सोडली की सपाट पडून राहते. जिला ओढताना कुठे तरी जास्त ताण बसला, तिचं टोक वर उठतं, आणि असली तार वेल्डिंगच्या वेळी वळवळते, जोड धड येत नाही. कारखान्यात हे काम मिनिटभरात उरकतात. मॅडम पाच-पाच मिनिटं उभ्या राहत. "बघू या तिचं काय म्हणणं आहे," असं म्हणत आणि खरोखरच ऐकल्यासारखा चेहरा करत. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की जव्हारला एक बाई आहे, शिकलेली आहे, पण जरा सरकलेली दिसते. हे बोललो होतो ते लिहायला आज लाज वाटते.

मॅडम जाऊन आता दीड वर्ष होत आलं. जव्हारमध्ये त्यांना 'मास्तरांची बहीण' म्हणूनच ओळखत. त्यांचे धाकटे भाऊ तिथल्या शाळेत मराठी शिकवायचे, एकटेच राहायचे, आणि एका सकाळी झोपेतच गेले. मॅडम मुंबईकडच्या तारेच्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी करून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. भावाच्या दोन खोल्या रिकाम्या करायला म्हणून आठ दिवसांच्या बोलीवर आल्या आणि सहा वर्षं राहिल्या. खोल्या काही रिकाम्या झाल्या नाहीत. मास्तरांची खाट तशीच होती, चादरीसकट. मॅडम बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपत. मास्तरांच्या चपला दाराशी असत. विचारलं तर म्हणत, "घरात पुरुष माणूस आहे असं वाटावं म्हणून." जव्हारच्या त्या आळीत चोर कशाला जाईल? पण मी वाद घातला नाही.

त्यांचं काम काय, हे गावात कुणालाच नीट माहीत नव्हतं. 'तारेचं काम' म्हटल्यावर खालच्या किराणावाल्याला वाटलं वीज मंडळाचं असणार, आणि लाइट गेली की तो वर येऊन मॅडमना विचारायचा, कधी येईल म्हणून. मॅडम गंभीरपणे सांगत, "तासाभरात येईल." बहुतेक वेळा यायचीही.

खरं काम असं होतं. जाड लोखंडी सळईची बारीक तार करायची तर ती डाईतून ओढतात. डाई म्हणजे अतिशय कठीण धातूचा, मधोमध भोक असलेला तुकडा. एका डाईत सळई थोडी बारीक होते, पुढच्या डाईत आणखी थोडी. आमच्याकडे अशा नऊ डाई एकापुढे एक. कुठल्या डाईत किती बारीक करायचं, यावर सगळं असतं. जास्त ओढलं तर तार तापते, कडक होते, तुटते. कमी ओढलं तर वेळ फुकट. हे गणित पूर्वी जुन्या मिस्त्रींच्या अंदाजावर चालायचं. मॅडमनी त्याचं एक मॉडेल लॅपटॉपवर बांधलं होतं. लोखंड कसलं, डाईचा कोन केवढा, वेग किती हे भरलं की ती तार आधी पडद्यावर ओढली जायची आणि कुठल्या डाईपाशी किती तापेल ते आकडे समोर यायचे. आमच्या शेठची त्यांच्याशी जुन्या नोकरीपासूनची ओळख, म्हणून त्यांनी ते आमच्या मशिनीवर पडताळून बघायची परवानगी दिली होती, आणि मोजमापं घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी मूळचा जामसरचा, डिप्लोमा झालेला, कारखान्यात तपासणी खात्याला. शनिवारी घरी जाताना वही मॅडमना नेऊन द्यायची, एवढंच सुरुवातीला ठरलं होतं.

"एका डाईत सगळं उरकायला जाऊ नये." हे त्यांचं पालुपद. तारेबद्दल तर म्हणतच, पण कशाहीबद्दल म्हणत. माझी मुलगी पाढे पाठ होत नाहीत म्हणून रडत होती तेव्हा तिलाही हेच सांगितलं. मी दुचाकी घ्यायची आणि घराला पत्रेही घालायचे असं एकाच वर्षी ठरवलं तेव्हा मलाही तेच. त्यांच्या तोंडी सल्ला म्हणून एवढं एकच वाक्य होतं. बाकी सगळं आकड्यांत.

आठवड्यातून एकदा, गुरुवारी, त्या स्वतः कारखान्यात येत. जव्हारहून विक्रमगडपर्यंत एक गाडी, पुढे दुसरी. हातात छत्री, मनगटावर मास्तरांचं मोठं घड्याळ, पिशवीत डबा. डबा त्या यंत्राशेजारच्या बाकावर एकट्याच बसून खात. आमची पोरं लांब बसायची. बाईंशी काय बोलायचं, हा प्रश्न असायचा. त्यांनाही तोच प्रश्न असावा.

आता माझी चूक सांगतो. माझी म्हणतो, पण एकट्याची नव्हती.

मॅडम कागद पाठवत त्यावर दोन रकाने असत. पहिल्यात मॉडेलने सांगितलेले आकडे छापलेले. दुसरा मोकळा, तिथे आम्ही मोजलेले लिहायचे. पहिल्या आठवड्यात मी प्रामाणिकपणे मोजलं. तिसऱ्या डाईपर्यंत ठीक, पुढे सगळा गोंधळ. पाचव्या डाईपाशी तर पस्तीस अंशांचा फरक. गुरुवारी मॅडम आल्या, कागद बघितला आणि बाकावर जाऊन बसल्या. डबा उघडलाच नाही. परतीच्या गाडीची वेळ व्हायच्या आधीच छत्री उचलून निघाल्या.

यंत्रावर जानूदादा होता. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, मोखाड्याकडचा, तार नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. तो मला म्हणाला, "दोन गाड्या बदलून ती बाई येते, आन तोंड पाडून परत जाते. आपल्या दारशी आलेला माणूस असा रिकामा धाडायचा का रे?"

बाहेरच्या माणसाला हे कळायला जरा अवघड आहे. आमच्या पाड्यांवर लांबून कोणी विचारायला आला, मग तो सर्वेवाला असो की साहेब, तर त्याला हवं ते उत्तर द्यायचं ही रीत आहे. माणूस घाट चढून आलेला असतो. नळाला पाणी येतं का? येतं. शाळा भरते का? भरते. तो समाधानाने फॉर्म भरतो, पाणी पितो, जातो. याला कोणी खोटं म्हणत नाही. मी स्वतः लहानपणी अशी कितीतरी उत्तरं दिली आहेत, आणि आई त्यासाठी पाठीवरून हात फिरवायची.

तर पुढच्या आठवड्यात मी आकडे जरा जवळ आणले. पस्तीसच्या जागी पंधरा. मग दहा. मग चार. एकदम शून्य केलं नाही, एवढी अक्कल होती. मॅडम गुरुवारी स्वतः मोजायला उभ्या राहिल्या तर जानूदादा यंत्राचा वेग हळूच उतरवायचा, म्हणजे तार कमी तापायची आणि त्यांच्या स्वतःच्या हातानेही आकडे जुळायचे. आम्ही दोघांनी कधी एकमेकांत ठरवलं नाही. न बोलता चाललं होतं.

आणि मॅडम फुलल्या. दुसरा शब्द नाही. शनिवारी मी जायच्या आत चहाचं आधण ठेवलेलं असायचं. "पाचवी बरोबर आली बघ, काशिनाथ," म्हणत कागद माझ्यासमोर धरायच्या. कारखान्यात पोरांची नावं विचारू लागल्या, बाकावर डबा उघडून "घ्या रे" म्हणू लागल्या. नऊच्या नऊ डाई जुळल्या त्या गुरुवारी त्यांनी जव्हारहून पेढे आणले आणि जानूदादाच्या हातावर पहिला ठेवला. जानूदादाने तो कपाळाला लावून खाल्ला. मीही खाल्ला. खरं सांगतो, तेव्हा मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट आपण एका एकट्या बाईचं घर आनंदी केलं असं वाटलं.

दोन वर्षं हे चाललं. शेठनी नव्या लाइनची आखणी मॅडमच्या मॉडेलवरून करायचं ठरवलं. नऊऐवजी सात डाई, वेग जास्त. मॅडम रोज सकाळपासून लॅपटॉपपुढे. आयुष्यभर दुसऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्याने ठरवलेल्या डाई तपासलेली बाई, आता तिच्या गणिताने एक अख्खी लाइन उभी राहणार होती. सात डाईंवर त्या वेगाने तार टिकणार नाही हे मला मात्र माहीत होतं, कारण खरे आकडे माझ्याच डोक्यात होते. दर शनिवारी वाटायचं, आज सांगू. दर शनिवारी चहा पिऊन परत यायचो.

मी सांगितलं नाही. त्यांनीच काढलं.

ऑगस्टचा महिना होता. जव्हारच्या धुक्यात त्यांच्या घरातल्या मिठाला पाणी सुटलं होतं, पापड लिबलिबीत झाले होते. मी गेलो तेव्हा त्या मिठाची बरणी पुढ्यात घेऊन बसल्या होत्या आणि शेजारी दोन वर्षांचे सगळे कागद पसरलेले.

"तार ओढताना डाईच्या आधी साबणाची पूड लागते ना, काशिनाथ?"

"लागते, मॅडम."

"पावसाळ्यात ती दमट होते. दमट झाली की तारेला नीट धरत नाही, घर्षण वाढतं. तार जास्त तापायला हवी, जास्त तुटायला हवी. मी हे मॉडेलमध्ये घातलंच नव्हतं, विसरले होते. आज या मिठामुळे आठवलं." त्यांनी दोन कागद माझ्यापुढे सरकवले. "हा एप्रिलचा. हा जुलैचा. दोन्ही माझ्या आकड्यांशी जुळतात. माझ्या मॉडेलला पाऊस माहीत नव्हता, म्हणून तुझ्या वहीतही तो पडला नाही."

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पस्तीस अंशांपासून जानूदादाने उतरवलेल्या वेगापर्यंत. सांगताना वाटत होतं आता ओरडतील, हाकलतील, आणि ते बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढून पुसत राहिल्या. तो पुन्हा डोळ्यांवर लावून म्हणाल्या, "दोन वर्षं मला वाटत होतं की समोरून कोणीतरी उत्तर देतंय. मी एकटीच बोलत होते म्हणजे."

मग उठून माझ्यासाठी चहा केला. स्वतः घेतला नाही. मी तो चहा कसा प्यायलो ते मलाच माहीत.

त्यापुढच्या गुरुवारी त्या सरळ शेठच्या केबिनमध्ये गेल्या. मला सोबत नेलं, मला वाटलं साक्षीला. "माझं मॉडेल अजून सिद्ध झालेलं नाही. त्यावरून लाइन उभारू नका," त्यांनी सांगितलं.

शेठ म्हणाले, "मॅडम, आकडे तर सगळे जुळलेत की."

"जुळलेत म्हणूनच सांगते. मी उत्तर आधीच छापून कागद पाठवत होते. ही पद्धतीतली चूक आहे आणि ती माझी आहे."

माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. जानूदादाचं नाव नाही, माझं नाव नाही. शेठनी खांदे उडवले आणि नव्या लाइनचं काम बाहेरच्या मशिनवाल्यांना दिलं. मॅडमना मोजमापांची परवानगी तेवढी राहू दिली, जुन्या ओळखीखातर. शेठच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपलं.

जानूदादा पुढच्या रविवारी नागलीची, म्हणजे नाचणीची, एक पिशवी घेऊन जव्हारला गेला आणि दारातच उभा राहिला. आत येईना. "बाई, चुकला आमचा. तुमाला बरा वाटावा म्हणून केला," एवढंच म्हणाला. मॅडमनी त्याला आत बसवलं, वही उघडली आणि विचारलं, "वेग नेमका कितीवर आणायचास?" त्याने सांगितलं. "आणि कधी कधी?" तो म्हणाला, "तुमी आलां का." मॅडमनी ते सगळं नीट लिहून घेतलं. वेग कमी केल्यावर तार किती कमी तापते याची ती त्यांच्या हातची पहिली खरी नोंद होती, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

माझ्याशी मात्र दोन महिने त्या फक्त आकडे बोलल्या. आता कागदावर एकच रकाना असे, मोकळा. शनिवारी मी वही द्यायचो, त्या दारातच घ्यायच्या. चहा नाही. घाटातून परत येताना मला अक्षरशः पोरकं वाटायचं. मग एका शनिवारी वही घेताना म्हणाल्या, "पाढे कुठवर आले मुलीचे?" मी म्हटलं, "सतरापर्यंत." म्हणाल्या, "आत ये." माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतरची तीन वर्षं त्या पुन्हा पहिल्यापासून ओढत होत्या. एक डाई, मग दुसरी. फोन करून सांगायच्या, "आज पंचवीसने चुकले." महिन्याभराने, "आज अठरा." आवाजात पेढ्यांच्या दिवसांसारखी उसळी नव्हती. संध्याकाळी त्यांच्या खिडकीत लॅपटॉपचा तेवढा उजेड दिसायचा आणि आळीतून जाणारे म्हणायचे, मास्तरांची बहीण बसली. सण असो, जत्रा असो, बसलेलीच. मी एकदा म्हटलं, "मॅडम, पुण्याला भाचीकडे जा थोडे दिवस." म्हणाल्या, "तिथे सगळे माझ्याशी फार चांगलं वागतात."

गेल्याच्या आदल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचं खाणं एकदम तुटलं. मी त्यांना नाशिकला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. अर्जावर 'रुग्णाशी नातं' असं होतं. मी अडलो. त्या म्हणाल्या, "सहकारी लिही." तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. बाहेर आलो तर पुण्याहून भाचीचा, त्यांच्या थोरल्या भावाच्या मुलीचा, फोन. डॉक्टरांशी तिचंही बोलणं झालेलं. "काशिनाथदादा, आत्याला यातलं काही सांगू नका हं. राहू दे तिला आनंदात." मी हो म्हटलं. हो म्हणणं मला कधीच जड गेलेलं नाही.

परतीची एसटी मोखाड्याला थांबली. बाजाराचा दिवस होता, टोपल्या घेतलेल्या बाया गाडीत चढत होत्या. मॅडम खिडकीशी होत्या. बाहेर बघतच म्हणाल्या, "काय म्हणाले डॉक्टर तुला?"

उत्तर तयार होतं. अशक्तपणा आहे, गोळ्यांनी बरं वाटेल. वाक्य अगदी जिभेवर होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पुन्हा विचारलं नाही, नुसतं बघितलं, आणि मला कळलं की आपण हे वाक्य बोललो तर ही बाई पुन्हा एकटी पडेल. या वेळी शेवटपर्यंत.

"पसरलंय, मॅडम," मी म्हणालो. "चार महिने म्हणाले. फार तर पाच."

त्या पुन्हा बाहेर बघू लागल्या. गाडी सुटली, मोखाडा मागे पडला. घाटाच्या वळणावर म्हणाल्या, "म्हणजे दिवाळीपर्यंत. मग पाचवी आधी घेऊ, तीच सगळ्यात चुकते. सातवीच्या पुढचं होणार नाही." आणि पुढे म्हणाल्या, "तुला जड गेलं असेल." मी "हो" म्हणालो. जव्हार येईपर्यंत त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. कुणाला हात लावणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

पाचवी डाई सप्टेंबरात जुळली. तीन अंशांचा फरक, भर पावसात, दमट साबणावर. मी खरंच मोजलंय का, हे त्यांनी विचारलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर भाची गाडी घेऊन आली. मॅडमना आता जिना उतरवत नव्हता, जानूदादाने आणि मी खुर्चीत बसवून खाली आणलं. भाचीला सगळं कळलं होतं. ती माझ्यावर बरसली. "नको म्हटलं होतं ना मी? तुम्हाला कोणी अधिकार दिला तिला सांगायचा?" तिचं काही चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही.

मॅडम गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "त्याच्यावर ओरडू नकोस. त्याने नाही तर मला कोण सांगणार होतं? माझं इथे दुसरं आहे कोण?"

गाडी विक्रमगडच्या रस्त्याला लागली. जानूदादा नि मी जिन्यापाशी थोडे थांबलो आणि मग दुपारच्या पाळीला गेलो. त्या दिवशी तार चार वेळा तुटली. मी वहीत चार लिहिलं.